सदतीस वेळा कोरी

१

माझा धाकटा भाऊ चार नंबरच्या खोलीत गुदमरून मेला. ज्या यंत्राने त्याला मरू दिलं, त्याच यंत्राने दुसऱ्या दिवशी निकाल दिला की त्याला त्याच्या पोटच्या मुलीने मारलं.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या अशा. मी तीस वर्षं कारखाना निरीक्षक म्हणून नोकरी केली, लबाड मालक पाहिले, झोपाळू इंजिनियर पाहिले, पण आरोपीनेच न्यायाधीश होऊन बसायचं हे निवृत्त झाल्यावर पाहायला मिळालं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की ज्या हाताने हे केलं तो हात मी शोधणार आणि त्याला सोडणार नाही. मला न्याय वगैरे नको होता. मला सूड हवा होता, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

जागा म्हणजे एक कोल्ड स्टोरेज. पाच मोठ्या खोल्या, त्यांत सफरचंदं आणि बटाटे, आणि भिंतींवरून फिरणाऱ्या नळांमध्ये अमोनिया. याच वायूने थंडी होते, आणि हाच नळाबाहेर आला तर बंद खोलीतला माणूस काही मिनिटांत जातो. वर्षापूर्वी मालकाने सगळा कारभार एआयवर सोपवला. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं ‘शहाणा’. कुठल्या खोलीत गळती आहे, भोंगा वाजवायचा की नाही, पंखे लावायचे की नाही, दार उघडायचं की नाही, सगळं शहाणा ठरवायचा. लोक दारं अर्धवट उघडी टाकतात आणि थंडी जाते म्हणून दारं आतून हाताने उघडायचे दांडेही काढून टाकले होते. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं माझा भाऊ म्हणायचा. तीस वर्षं तो तिथे ऑपरेटर होता.

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी चार नंबरमध्ये गळती झाली. शहाण्याला ती कळली होती, तशी नोंद आहे. नोंदीपुढे त्याने लिहिलंय: ‘इशारा खोटा. खात्री शंभरात नव्याण्णव.’ भोंगा वाजला नाही, पंखा लागला नाही, दार उघडलं नाही.

हेड ऑफिसातून चौकशीसाहेब आले. त्यांनी चौकशीचं कामही शहाण्यालाच दिलं. त्याचा अहवाल असा: तीन महिन्यांत चार नंबरचा इशारा सदतीस वेळा वाजला, सदतीसही वेळा ऑपरेटर क्रमांक सातने तो ‘खोटा’ ठरवला, त्यामुळे मला तसं शिकवलं गेलं, हे मुद्दाम केल्याची शक्यता शंभरात सत्त्याण्णव. ऑपरेटर क्रमांक सात म्हणजे आमची ठमी, माझी भाची. तिच्या फोनमधला एक निरोपही त्याने जोडला होता, मैत्रिणीला पाठवलेला: ‘बाबा मला जगू देत नाहीत.’ चोवीस वर्षांच्या कुठल्या मुलीने बापाबद्दल असं लिहिलेलं नसतं?

मी साहेबांना म्हटलं, तुम्ही स्वतः कुणाशी बोललात का? ते म्हणाले की अहवाल आलाय, आता बोलून काय होणार. उद्या संध्याकाळी पाचला ते सही करणार होते आणि त्यानंतर ठमी पोलिसांच्या ताब्यात जाणार होती. माझ्या हातात एक दिवस होता.

२

ठमी माझ्याच घरी होती. तिची आई ती नऊ वर्षांची असताना गेली, तेव्हापासून तिची वेणी मीच घातली. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती आणि भांडी घासलेलीच परत घासत होती.

मी तिला विचारलं की बटण तू दाबलंस का. हो म्हणाली, सदतीसही वेळा मीच. आणि मग तिने तिथली कामाची रीत सांगितली. इशारा वाजला की ज्येष्ठ ऑपरेटरने गंधकाची कांडी पेटवून खोलीत फिरायचं. अमोनिया असेल तर कांडीभोवती दाट पांढरा धूर होतो. नसेल तर कांडी नुसती जळते, तिला कोरी म्हणतात. फिरणारा बोळातून ओरडून सांगणार ‘कोरी’, आणि पॅनेलच्या खोलीत बसलेला सगळ्यांत धाकटा माणूस आपल्या क्रमांकाने ‘खोटा’चं बटण दाबणार. थोरांनी बघायचं आणि धाकट्यांनी दाबायचं, ही शहाणा येण्याआधीपासूनची पद्धत. पूर्वी वहीत लिहायचे, आता बटण.

‘आणि बटण दाबलं की शहाणा शिकतो?’

शिकतो, म्हणाली, पण सगळ्यांकडून सारखं नाही. तो प्रत्येकाला भरवशाचे गुण देतो, पॅनेलच्या भिंतीवर तक्ताच लावलाय. ठमीला अठ्ठ्याण्णव, तिच्या बाबांना सत्तर, घड्याळकाकांना एक्केचाळीस. तिचा शब्द शहाणा लगेच ऐकायचा. हे सांगताना तिने हातातलं भांडं पुन्हा घासायला घेतलं. तिला त्या अठ्ठ्याण्णवचा अभिमान होता, हे मला माहीत होतं.

घड्याळकाका म्हणजे माझ्या भावाचा जोडीदार. अठ्ठावीस वर्षं दोघं एका पाळीत. माणूस इतका वक्तशीर की त्याच्यावर घड्याळं लावावीत, म्हणून ते नाव. त्याचा धाकटा भाऊ अठरा वर्षांपूर्वी याच कोल्ड स्टोरेजमध्ये दोन नंबरच्या खोलीत अमोनियाने गेला. त्या अपघाताची चौकशी मीच केली होती. माझा सख्खा भाऊ तिथे कामाला, म्हणजे खरं तर दुसऱ्या निरीक्षकाने करायला हवी होती, पण मी हट्टाने घेतली. असो.

मी ठमीला विचारलं की हे इशारे कधी वाजायचे. दुपारी तीनच्या सुमाराला, म्हणाली. दुसऱ्या महिन्यात मॅनेजरने चार नंबरचं गळती पकडणारं यंत्र बदललंसुद्धा, तरी वाजतच राहिलं. मग शेवटचे पंधरा दिवस एकदम बंद झालं. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

मी अहवालाची पानं पुन्हा उलटली. ठमी नऊ दिवस रजेवर होती. त्या नऊ दिवसांत चार नंबर एकदाही वाजला नव्हता. शहाण्याने हाच मुद्दा तिच्याविरुद्ध लावला होता. पण मी तो उलटा वाचला. बिघडलेल्या यंत्राला कोण रजेवर आहे हे कुठे कळतं? ते वाजवणारा एक माणूस होता, आणि त्याला ठमीचाच अंगठा हवा होता.

३

मला तो माणूस मॅनेजर असायला हवा होता. खरं सांगते, मी रात्रभर त्याच्याच नावाने बोटं मोडत होते.

कारण होतंच तसं. दारांचे आतले दांडे त्यानेच काढले. ते परत बसवा म्हणून माझ्या भावाने त्याला तीन पत्रं लिहिली आणि तिसऱ्यात कारखाना निरीक्षकाकडे जाण्याची धमकी दिली. सकाळ होताच मी त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसले. त्याने मला चहा मागवला, मी तो पिऊ शकले नाही.

पत्रं मिळाली होती, हे त्याने कबूल केलं. मग दांडे का नाही बसवले? तर म्हणे, त्याने ती पत्रं शहाण्याला दाखवली होती आणि शहाण्याने उत्तर दिलं की गरज नाही. एवढंच. एका माणसाचा जीव ज्या लोखंडाच्या तुकड्यावर होता, त्याचा निर्णय या गृहस्थाने प्रश्न टाइप करून घेतला होता. मी विचारलं की तू स्वतः आत जाऊन दार लावून बघितलंस का. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पण खुनी तो नव्हता. रोज पावणेतीन ते साडेतीन तो मालकाशी व्हिडिओवर बोलत बसायचा, सदतीसही दिवसांची चित्रफीत होती आणि प्रत्येकीत त्याचं ते घाबरट तोंड होतं. शिवाय खालच्या बोळात तो कधी फिरकतच नसे, वास सहन होत नाही म्हणून. मी उठले. जाताना त्याला सांगितलं की तुझा हिशेब वेगळा आहे आणि तो मी विसरणार नाही.

त्याने मग आपणहून एक गोष्ट सांगितली, मला खूश करायला. शहाणा आणला तेव्हा त्याला शिकवायला पन्नास वर्षांचे जुने कागद काढले होते: अपघात, जबान्या, दुरुस्त्या. हाताने लिहिलेलं जुनं अक्षर यंत्राला लागेना. म्हणून घड्याळकाकांना महिनाभर बसवून सगळे कागद मोठ्याने वाचून घेतले. त्यांचं वाचन सुरेख आहे, म्हणाला.

मी ते ऐकलं आणि कारण नसताना पुन्हा खुर्चीत बसले.

४

कारण नव्हतं असं नाही, पण त्याकडे बघायची माझी तयारी नव्हती. मी स्टोअरकडे गेले.

स्टोअरबाई म्हणजे एक वल्ली. सही केल्याशिवाय काडेपेटीतली काडी देणार नाही. मालक आला तरी आधी सही, मग खिळा. शहाणा आल्यावर तिची वही बंद करा म्हणून सांगितलं, तर तिने सांगितलं की मी मेल्यावर करा. गुडघे गेलेले, दिवसभर खुर्चीतून उठत नाही, त्यामुळे संशयाच्या यादीतून ती माझ्या मते आपोआप वगळली गेली.

मी तिला गंधकाच्या कांड्यांची वही मागितली. तिने आधी माझी सही घेतली.

प्रत्येक कांडीसमोर तारीख, खोली, घेणाऱ्याचं नाव. मी माझ्याकडची इशाऱ्यांची यादी शेजारी ठेवली आणि बोट ठेवत खाली आले. त्या तीन महिन्यांत बाकीच्या चार खोल्यांत मिळून चौदा इशारे वाजले होते. चौदा इशारे, चौदा कांड्या. पाच माझ्या भावाच्या सहीने, नऊ घड्याळच्या सहीने, ठसठशीत अक्षरात, वेळेसकट.

चार नंबरचे सदतीस. त्यांच्यासाठी कांड्या किती? एकही नाही.

मी वही दोनदा पाहिली, मग स्टोअरबाईकडून तिसऱ्यांदा तपासून घेतली. ती म्हणाली की दुसरीकडून कांडी येण्याची सोयच नाही, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.

मी घरी ठमीला फोन लावला. एकच प्रश्न विचारला. चार नंबरचं ‘कोरी’ कोण ओरडायचं?

‘घड्याळकाका. तीन ते साडेतीन बाबा विश्रांतीला जायचे ना, आत्या. मी आवाज ऐकायचे आणि दाबायचे. बोळ काही माझ्या जागेवरून दिसत नाही.’

आता कुणी म्हणेल, आळस केला असेल. पण बाकीच्या खोल्यांसाठी ज्याने नऊ वेळा सही करून कांडी घेतली, मिनिटासकट वेळ लिहिली, तो माणूस एकाच खोलीच्या बाबतीत सदतीस वेळा आळस करेल? ज्याला शोधायचं असतं तो कांडी पेटवतो. आत काय आहे हे ज्याला आधीच माहीत असतं, तो कशाला पेटवेल?

५

तो इंजिन रूममध्ये यंत्राचं तेल काढत होता. अमोनियाच्या यंत्रातून रोज थोडं तेल काढावं लागतं आणि त्या तेलात वायू मुरलेला असतो. तीनलाच काढायचा, घड्याळ ना. एक चिंधी त्या तेलात बुचकळून चार नंबरच्या गळतीयंत्राखाली धरली की इशारा वाजायला पुरे. चिंधी बादलीत टाकली की विषय संपला. शेवटचे पंधरा दिवस चिंधी धरूनही इशारा वाजेना, म्हणजे शहाणा शिकला होता. त्याच्या अंगाला तो वास कायमचाच, कुणाला शंका यायचं कारण नव्हतं.

मी हे सगळं त्याच्यासमोर उभं राहून सांगितलं. त्याने हात पुसले, स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसले नाही.

‘बरोबर आहे, ताई,’ तो म्हणाला. ‘त्या दिवशी सकाळीच आतल्या व्हॉल्व्हचं पॅकिंग ढिलं केलं होतं. मग तो विश्रांतीला निघाला तेव्हा त्याला म्हटलं, चारमध्ये थंडी कमी वाटतेय, बघून ये. तो आत गेल्यावर मी इथून अमोनियाची लाइन सोडली.’

मी त्याच्या तोंडात मारली. माझं वय सदुसष्ट आहे आणि मी आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. तो हलला नाही.

‘आता दुसरं काही सांगू का?’ त्याने विचारलं. ‘शहाण्याला कागद वाचून दाखवत होतो तेव्हा अठरा वर्षांपूर्वीची फाइल आली. त्यात वॉचमनची जबानी होती. तुमच्या अहवालात ती नाही. जबानीतल्या एका ओळीवर लाल पेन्सिलची रेघ आहे. ती रेघ तुमची, ताई.’

मला ती ओळ पाठ आहे. दोन नंबरचं दार बंद केल्यावर चार मिनिटं आतून वाजत होतं, असं वॉचमनने सांगितलं होतं.

दार माझ्या भावाने बाहेरून अडसर घालून लावलं होतं. बाहेर बारा माणसं होती, दार उघडं राहिलं असतं तर ती सगळी गेली असती. त्याने ऐकलं होतं. त्याच संध्याकाळी माझ्या मांडीवर डोकं ठेवून त्याने मला ते सांगितलं. आणि मी लिहिलं की आत कुणी जिवंत असल्याची खूण नव्हती, दार लावण्याचा निर्णय योग्य. दोन पानं, खाली माझी सही.

‘बारा माणसं वाचली,’ मी म्हणाले.

‘वाचली. मला तुम्ही दोघांनी खरं सांगितलं असतं तर कदाचित मीही तेच म्हणालो असतो. पण अठरा वर्षं तो माझ्या शेजारी बसून जेवला आणि सांगत राहिला की तुझ्या भावाला त्रास झाला नाही. मग मी ठरवलं की याच्या दाराचा निर्णयही असाच कुणीतरी करावा. ज्याला बहीण नाही असा.’

‘आणि ठमी? तिने तुझं काय वाकडं केलं होतं?’

तिथे मात्र त्याची मान खाली गेली. म्हणाला की शहाणा माझं ऐकत नव्हता, तिचं ऐकत होता. ती फक्त नोकरीवरून जाईल असं वाटलं, तो तिला खुनी ठरवेल हे डोक्यात आलं नाही. मी कबुली लिहून देतो, पण आधी तुम्ही लिहा. त्या चार मिनिटांबद्दल, तुमच्या हाताने, तुमच्या सहीने.

स्टोअरची वही, सही करून घेतलेली, माझ्या पिशवीत होती. पण चौकशीसाहेब वहीवर विश्वास ठेवतील की शहाण्यावर, हे मला चांगलं माहीत होतं. भिंतीवर साडेतीन वाजले होते.

मी स्टुलावर बसले आणि लिहायला घेतलं. एका ठिकाणी ‘कदाचित’ लिहिलं होतं, ते त्याने मला खोडायला लावलं.

६

पाचला दहा मिनिटं कमी असताना मी साहेबांच्या टेबलावर दोन कागद आणि एक वही ठेवली. घड्याळ दाराशी उभा होता. ठमीला सहीसाठी आधीच बोलावून घेतलं होतं, ती खिडकीजवळ बसली होती.

साहेबांनी वर न बघता दोन्ही कागद उचलले आणि स्कॅनरकडे हात नेला. शहाण्याला दाखवतो, म्हणाले, तो मिनिटात सांगेल. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, हे त्याला दाखवायचं नाही. हे तुम्ही वाचायचं. मोठ्याने.

त्यांनी वाचलं. आधी घड्याळची कबुली, अडखळत. चिंधीपाशी आल्यावर ते थांबले, वही ओढली, चौदा कांड्या मोजल्या, चार नंबरची एकही नाही हे पाहिलं. मग माझा कागद. त्यातला ‘माझ्या भावाने ऐकलं होतं, त्याने मला सांगितलं होतं, ती ओळ मी खोडली’ हा भाग त्यांनी हळू आवाजात वाचला, पण खोली लहान होती. ठमीने माझ्याकडे पाहिलं नाही.

‘मग आता मी काय ठरवू?’ साहेबांनी खरंच विचारलं.

मी म्हटलं, मला विचारू नका आणि त्यालाही विचारू नका. पगार तुम्हाला मिळतो.

त्यांना पाऊण तास लागला. शहाण्याचा अहवाल त्यांनी बाजूला ठेवला आणि स्वतःच्या हाताने नवा लिहायला घेतला. घड्याळला पोलिसांकडे द्यायचं. दांडे काढल्याबद्दल मॅनेजरचं नाव वर जाणार. माझा कागद माझ्या जुन्या खात्याकडे जाणार, आणि त्यानंतर माझ्या पेन्शनचं आणि माझ्या नावाचं जे व्हायचं ते होणार. पोलीस आले तेव्हा मी घड्याळच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. मला तिथे भीती बघायची होती, हे दोन दिवस मी त्यासाठीच जगले होते. ती होती. तो रडत होता, आणि मला बरं वाटलं. मी खोटं बोलणार नाही, मला फार बरं वाटलं.

मग ठमी उठली आणि साहेबांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. अजून एक लिहायचं राहिलंय, म्हणाली.

‘चार नंबरचं दार वाजत होतं. मी पॅनेलच्या खोलीतून ऐकलं. मी स्क्रीन बघितली, सगळं हिरवं होतं. म्हणून मी बसून राहिले. मला वाटलं, पेट्या हलवत असतील.’

साहेबांनी पेन उचललं, पण टेकवलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. मी नुसती मान हलवली असती तरी त्यांनी ते सोडून दिलं असतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. सोडून द्यावं असं मलाही वाटलं.

‘लिहा,’ मी म्हणाले. ‘आणि स्क्रीन हिरवी होती, हेही लिहा.’

त्यांनी लिहिलं. ठमी तिथेच जमिनीवर बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागली, बाप गेल्यापासून पहिल्यांदा. तुझी काही चूक नाही, बाळा, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. अठरा वर्षांपूर्वी माझ्या मांडीवर डोकं ठेवलेल्या भावाला मी हेच म्हणाले होते. मी ते गिळलं आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले.